फैजपूरचा बांबू आणि डेन्मार्कची खुर्ची

जळगाव स्टेशनावर उतरणारा पाहुणा बहुधा थेट अजिंठ्याची गाडी धरतो; फार तर जैन हिल्सवरचे गांधीतीर्थ उरकतो. भुसावळहून तापी ओलांडून केळीच्या बागांमधून फैजपूरला का जावे, हे त्याला कोणी सांगत नाही. फैजपुरात पाहण्याजोगे उभे असे फारसे काही नाही, आणि तिथे जाण्याचे खरे कारण तेच आहे. गरिबाच्या घरातली वस्तूही देखणी असावी आणि ती त्याला परवडावी, हा विचार स्कँडिनेव्हियाने जगाला दिला असे आपण मानतो. यावल तालुक्यातल्या या गावी १९३६ मध्येच तो बांबूत उभा राहिला होता, आणि मग उतरवला गेला.

२७ व २८ डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन इथे भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. राबणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी. गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावून घेतले आणि अट घातली की सामान गावात मिळेल तेच वापरायचे. म्हात्रे नावाच्या स्थापत्यकाराच्या जोडीने बोसांनी बांबूचे ‘टिळकनगर’ उभारले. नेहरूंची मिरवणूक निघाली तो रथ म्हणजे खेड्यातली साधी बैलगाडीच होती, सजवलेली आणि सहा बैलजोड्या जुंपलेली. अधिवेशनातले प्रदर्शन खुले करताना गांधीजींनी साऱ्या मांडणीचे श्रेय बोस आणि म्हात्रे या दोघांना दिले. कलेचे इतिहासकार मात्र मान देतात तो १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाला, आणि फैजपूर ही त्याची रंगीत तालीम ठरवतात. हे पटत नाही. हरिपुऱ्यासाठी बोसांनी केलेले चित्रफलक टिकले, म्हणून त्यांच्यावर लिहिता आले. फैजपूरचा बांबू टिकला नाही. पण रचनेच्या दृष्टीने पाहिले तर हरिपुऱ्यात खेडे चित्रात आले, फैजपुरात ते बांधणीत आले, आणि दुसरे काम जास्त अवघड.

तिकडे डेन्मार्कात त्याच १९३६ मध्ये ब्योर्गे मोगेन्सन हा ऑलबोर्गचा तरुण सुतार कोपनहेगनच्या शाळेत शिकू लागला. त्याचे गुरू कोरे क्लिंट. खुर्ची काढण्याआधी माणूस मोजा, कपाट काढण्याआधी त्यात ठेवायचे सदरे आणि ताटे मोजा, अशी त्यांची शिस्त. १९४२ मध्ये डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संस्थांच्या संघाने मोगेन्सनला फर्निचर विभागाचा प्रमुख नेमले आणि १९४७ मध्ये त्याची ‘जे ३९’ ही खुर्ची आली. गोल पाय, पाठीला एकच रुंद, किंचित वळवलेली फळी, आणि बैठक पिळलेल्या कागदाच्या दोरीने विणलेली. ही दोरी युद्धकाळात समुद्री गवत मिळेना म्हणून आलेली. बैठक झिजली तर फक्त ती पुन्हा विणून घ्यायची, लाकडाला हात लावायचा नाही. खानदेशी माणसाला यात नवल वाटू नये. त्याच्या अंगणातल्या बाजेचा हिशोब हाच आहे: चार खूर, चार गाते, मधे सुतळीची वीण, झोळ पडला की पायथ्याची दोरी ताणायची, फारच विरली तर नव्याने विणायची.

मग तिकडची खुर्ची आजही बनते आणि इकडचे टिळकनगर का विरले? बांबू कुजतो, हे उत्तर पुरत नाही. कागदाची दोरीही झिजतेच. फरक पाठीशी उभ्या असलेल्या संस्थेचा आहे. मोगेन्सनमागे वर्षानुवर्षे माल बनवून घेणारा आणि आपल्याच दुकानांतून विकणारा सहकारी संघ होता. बोसांमागे एक अधिवेशन होते. मंडप उतरला, काम संपले. सहकार खानदेशाला परका होता असेही नाही. केळीच्या फ्रूटसेल सोसायट्या इथल्याच, फैजपूरलगतचा मधुकर साखर कारखानाही सहकारी म्हणूनच उभा राहिला. सहकाराने ऊस घेतला, केळी घेतली, दूध घेतले. माणूस ज्यावर बसतो-निजतो त्या वस्तूकडे पाहिले नाही.

कोणी म्हणेल, जळगावच्या एमआयडीसीतली प्लॅस्टिकची चटई हेच गरिबाचे फर्निचर, आणि ती मोगेन्सनच्या खुर्चीपेक्षा कितीतरी अधिक घरांत पोचली. खरे आहे. ती खुर्ची आज श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली, हेही खरे. पण चटई फाटली की भंगारात जाते. तिची वीण पुन्हा घालता येत नाही. वस्तू स्वस्त असणे आणि ती घरच्या हाताला दुरुस्त करता येणे, यातली दुसरी गोष्ट आपण मुकाट्याने सोडून दिली.

ती परत मिळवायची तर आधी तिची नोंद हवी, आणि नोंदी जपण्याची परंपरा खानदेशात आहे: धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले. पुढच्याच वर्षी मंडळ निघाले. गावोगावचे दप्तर हे इतिहासाचे साधन आहे, हे राजवाड्यांनी महाराष्ट्राला शिकवले. पण साधन म्हणजे कागद, हा समज आपण नको इतका घट्ट धरला; अंगणातली बाजही साधनच आहे. फैजपूरशेजारी खिरोद्याला सप्तपुट ललित कला भवन आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी रावेर-यावलच्या घरांतल्या बाजा क्लिंटच्या शिस्तीने मोजाव्यात, विणीचे नकाशे काढावेत, आणि एखाद्या सहकारी संस्थेने त्यावरून निदान शंभर बाजा बनवून बाजारात आणाव्यात.