एक्सची किंमत काढा

गेल्या पावसाळ्यात लोणी काळभोरला मावशीकडे गेलो होतो. मावसभावाला फर्निचरच्या दोन दुकानांतून नोकरी आली होती. एकात पगार १५,००० आणि विक्रीवर २ टक्के. दुसऱ्यात पगार ९,०००, पण ५ टक्के. "दादा, तू इंजिनिअर ना, सांग कुठली घेऊ?"

आठवीचं गणित! विक्री एक्स धरली. १५,००० + ०.०२ एक्स = ९,००० + ०.०५ एक्स. म्हणजे ०.०३ एक्स = ६,०००, एक्स = २ लाख. महिन्याला दोन लाखांच्या वर विकलंस तर दुसरी. "तीन तरी विकेनच," तो म्हणाला. झालं, घेतली दुसरी.

काकांनी आयुष्यभर मार्केट यार्डात भाजी पाठवली. २०१६ साली सरकारने अडत खरेदीदाराकडून घ्यायचा नियम करेपर्यंत ती त्यांच्याच पट्टीतून कापली जायची. ते एवढंच म्हणाले, "टक्का ठरलेला असतो रे, भाव कुठे ठरलेला असतो?" मी नुसता हसलो.

पितृपक्षाच्या महिन्यात विक्री ८०,०००. हातात १३,०००. पहिल्या दुकानात १६,६०० मिळाले असते. बाइकचा हप्ता मावशीने भरला.

समीकरण बरोबरच होतं. पण पुस्तकातला एक्स शेवटपर्यंत एकच असतो, दुकानातला दर महिन्याला बदलतो. 'किती विकशील?' नव्हे, 'सगळ्यात वाईट महिन्यात किती विकशील?' हे विचारायला हवं होतं.

दिवाळीच्या महिन्यात विक्री चार लाख, हातात २९,०००. साहेबांचा लगेच फोन! म्हटलं, आधी मावशीचे पैसे दे, मग पेढे :)