मक्सच्या टेकडीवरच्या कवट्या

'मुस्लिम हकीमाने गॅलेनची चूक दाखवली' हा मेसेज वर्षातून दोन-तीनदा तरी माझ्या फोनवर येतोच. गोष्ट खरी आहे. फक्त अर्धी आहे.

गॅलेनचा शब्द वैद्यकात हजार वर्षं प्रमाण मानला जात होता. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो आणि ती हनुवटीपाशी जुळलेली असतात, असं त्याने लिहून ठेवलं होतं. अब्दुल लतीफ अल-बगदादी (११६२–१२३१) इजिप्तमध्ये त्याचेच ग्रंथ शिकवत होता, पण नुसत्या वर्णनावरून शिकणाऱ्यांना हाडं कळेनात. तेव्हा कुणीतरी सांगितलं, मक्सच्या टेकडीवर जा, तिथे सांगाड्यांचा खच पडलाय. बगदादी गेला. त्याने आणि सोबतच्यांनी दोन हजारांहून जास्त कवट्या पाहिल्या. दुसऱ्यांकडूनही पाहून घेतल्या. एकाही जबड्याला सांधा नव्हता. सांधा असता तर जुन्या हाडांत तो उकलला असता, म्हणून बूसीरच्या पुरातन कबरींतही त्याने शोधलं. तिथेही जबडा अखंडच. गॅलेन कितीही काटेकोर असला तरी डोळ्यांची साक्ष जास्त खरी, असं त्याने लिहिलं. त्या काळात हे लिहायला छाती लागत असणार.

कवटीत २२ हाडं असतात: मेंदूभोवती ८, चेहऱ्याची १४. त्यातला हलतो तो एकटा खालचा जबडा. बाकीची नागमोडी शिवणींनी एकमेकांत घट्ट बसतात, पण जन्मतः नाही. माझ्या भाचीची टाळू तेलाने भरताना अम्मी बोट अगदी हलकं ठेवायची. खाली ठोका जाणवायचा. तिथे तेव्हा हाड नसतं, नुसता पडदा असतो. साधारण दीड वर्षात ती जागा भरते. हनुवटीचंही तसंच. नवजात बाळाचा जबडा खरोखरच दोन तुकड्यांचा असतो आणि पहिल्या वर्षात तो सांधला जातो. म्हणजे तान्ह्या बाळापुरता गॅलेन बरोबरच होता!

आता उरलेली अर्धी गोष्ट. एवढी हाडं तिथे आली कुठून? १२०० साली नाईलचं पाणी पुरेसं चढलं नाही. पिकं गेली, भूक आली, मागोमाग साथ. मक्सवर पडलेली माणसं त्या काळातली होती. त्यांना ना कफन मिळालं, ना दफन. बगदादीने हे लपवलेलं नाही. जबड्याचं निरीक्षण ज्या पुस्तकात आहे, त्यातच या दुष्काळाचं वर्णन आहे, आणि भुकेने वेडी झालेली माणसं लहान मुलांना मारून खात होती, हेही त्याने नोंदवलंय. मी ती पानं एका बैठकीत वाचू शकलो नाही.

त्या पानांचा मेसेज मला अजून कुणी पाठवलेला नाही.