एक रील, चार मुलं

दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या काही तरुणांनी बीजीएमआयची स्पर्धा भरवली होती. चार-चार मुलांचे संघ, पहिलं बक्षीस दोन हजार रुपये. आमच्या धामापुरातून माझा थोरला आणि त्याचे तीन मित्र गेले आणि जिंकून आले. तिसऱ्या दिवशी आयोजकांचा फोन आला, "मॅडम, बक्षीस परत घ्यावं लागेल. पुढच्या स्पर्धेतही या संघाला प्रवेश नाही."

कारण होतं माझ्या मुलाने इन्स्टाग्रामवर टाकलेली वीस सेकंदांची रील. हरलेल्या संघातला एक मुलगा बोलताना अडखळतो. या खेळात शत्रू कुठून येतोय हे साथीदारांना क्षणात ओरडून सांगावं लागतं. त्याला तो शब्द वेळेवर फुटला नाही आणि संघ बाद झाला. शेजारी कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं होतं. माझ्या मुलाने तेवढाच तुकडा तीनदा जोडला, मागे गाणं लावलं आणि वर लिहिलं, 'बफरिंग'. दोन दिवसांत तो मुलगा गावात त्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला आधी आयोजकांचाच राग आला. मुलांच्या खेळातली गंमत, त्याला एवढी शिक्षा? कुवेतहून यांचा फोन आला तेव्हा हेही म्हणाले, "रील काढून टाकली ना? मग झालं. वय काय त्याचं!"

'वय काय त्याचं' हे शब्द मी याआधीही ऐकले होते. २०२१ च्या जूनमध्ये इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळत होता, त्याच दिवशी त्याची जुनी ट्विट्स बाहेर आली. त्यांत बायकांची टिंगल होती, मुसलमानांचीही होती. ती लिहिली तेव्हा तो विशीच्या आसपास होता. तेव्हाही लोक म्हणाले होते, वय काय त्याचं! मी मात्र स्टाफरूममध्ये ठणकावून सांगितलं होतं, "शिक्षा झालीच पाहिजे." त्याला आठ सामन्यांची बंदी आणि ३,२०० पौंड दंड झाला, तेव्हा मला बरं वाटलं होतं. टिंगल आपली झाली की शिक्षा हवी आणि टिंगल आपल्या मुलाने केली की ती गंमत! त्या रात्री मला माझीच लाज वाटली.

मोबाइलवरचा खेळ म्हणजे खेळच नव्हे, अशी पळवाटही आता उरलेली नाही. केंद्र सरकारच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली, पण ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. खेळ म्हटला की शिस्त आली. व्यावसायिक खेळाडूंना ती लागू आहेच. २०१८ साली ओव्हरवॉच लीगमध्ये डॅलसच्या संघातल्या फेलिक्स लेंगेल या तरुणाने स्वतःच्या थेट प्रक्षेपणात प्रतिस्पर्ध्याबद्दल घाणेरडे शब्द वापरले. चार सामन्यांची बंदी आणि २,००० डॉलर दंड झाला. दोन महिन्यांतच त्याच्या वागण्याबद्दल पुन्हा चार सामन्यांची बंदी आणि ४,००० डॉलर दंड झाला. शेवटी संघानेही त्याला सोडलं. म्हणजे नुसत्या दंडाने माणूस शिकतोच असं नाही. वीस वर्षं वर्गात उभी राहून मीही हेच पाहिलंय.

मग मी दोन गोष्टी केल्या. आयोजकांना म्हटलं, माझ्या मुलाची बंदी कायम ठेवा. बाकी तिघांचं मात्र नीट विचारून ठरवा, एकाच्या चुकीसाठी चौघांना एका दोरीने बांधू नका. आणि हा नियम पुढच्या वेळी खेळ सुरू होण्याआधीच सगळ्यांना वाचून दाखवा. त्यांनी चौकशी केली. दोघांनी रील पुढे पाठवली होती, एकाला काहीच माहीत नव्हतं. त्या एकाची बंदी उठली.

दुसरं म्हणजे, जुम्याच्या नमाजनंतर मुलाला घेऊन मी त्या मुलाच्या घरी गेले. तो तळ्यावर गेला होता. आम्ही ओट्यावर तासभर बसलो. त्याच्या आईने पाणी दिलं, पण बोलली काही नाही. मुलगा आला. माझ्या मुलाने माफी मागितली आणि म्हणाला, "आयोजक म्हणतात माफीचा व्हिडिओ टाक. आजच टाकतो."

तो एकदम म्हणाला, "न... नको. आता परत कायएक टाकू नको."

माफीचा व्हिडिओही त्याच्या अडखळण्याबद्दलच असणार होता, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आम्ही व्हिडिओ टाकला नाही. माझ्या मुलाने त्याऐवजी ज्यांना ज्यांना रील पाठवली होती, त्या प्रत्येकाला फोन करून ती पुसायला सांगितली. एकतीस फोन झाले. काहींनी पुसली, काही हसले. हसणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं हे त्याला सुचत नव्हतं. मला वाटतं, खरी शिक्षा त्याला तिथे झाली.

सूरह हुजुरातमध्ये एकाच आयतीत थट्टा करणं आणि वाईट नावं ठेवणं दोन्ही मना केलं आहे. माझ्या मुलाला ती पाठ आहे. पाठ असणं आणि हातातल्या मोबाइलवर बोट थांबणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढणं आपलं, आईबापांचं काम आहे.

एक गोष्ट राहिली. तो मुलगा पाचवीत माझ्याच वर्गात होता. मोठ्याने धडा वाचायची पाळी आली की मी त्याला वगळून पुढच्याला उठवायची. त्याची फजिती होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायची. पण वर्गातली बाकीची मुलं ते बघत होती. यंदा माझ्या पाचवीत असाच एक मुलगा आहे. त्याची पाळी आता मी वगळत नाही. वाचायला त्याला वेळ लागतो. आम्ही थांबतो.