पांडुरंग सांगवीकरचा राग

कन्नडहून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव येतं आणि खानदेश सुरू होतो. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'मधला (१९६३) पांडुरंग सांगवीकर याच खानदेशातला. साठ वर्षं उलटली तरी त्याच्यावरचा शिक्का काही पुसला जात नाही: कशातच रस नसलेला, वडिलांचे पैसे उधळून पुण्याहून रिकाम्या हातानं परतलेला आणि समीक्षकांच्या भाषेत अस्तित्ववादी. मला हा शिक्का पटत नाही. पांडुरंगाला पुष्कळ काही वाटतं. वाटून उपयोग नाही, हे मात्र त्याला फार लवकर उमगलंय.

रिचर्ड लाझारस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची मांडणी इथं कामी येते. (त्याचं ताणाविषयीचं गाजलेलं पुस्तक १९६६चं, म्हणजे नेमाड्यांनी ते वाचून पात्र बेतलं ही शंका मिटली.) त्याच्या मते घटनेतून भावना थेट उपजत नाही. माणूस आधी मनाशी दोन हिशेब मांडतो. यात माझं काय पणाला लागलंय? आणि मला यावर काही करता येईल का? ज्याला दोष देता येईल असं कुणी समोर असलं तर राग येतो. गेलेलं परत येणारच नसेल तर दुःख होतं. कॉलेजात नवा असतानाचा पांडुरंग पाहा. होस्टेल, मेस, सभासमारंभ, सगळ्या भानगडींत तो हिरिरीनं उतरतो. निरिच्छ माणूस असल्या उठाठेवी कशाला करील? त्याचा पहिला हिशेब ठणठणीत आहे, दुसरा दर वेळी तोट्यात जातो. धाकटी बहीण मनी जाते तेव्हा तर हे उघडंच पडतं. ती पानं शोकाची आहेत तितकीच संतापाची आहेत, आणि त्या संतापाला धरायला माणूस सापडत नाही. राग जिरत नाही, दुःखही नीट होत नाही. पुढचं त्याचं कोरडेपण या कोंडीतून आलेलं आहे.

कुणी म्हणेल, कागदावरच्या माणसाला कसलं आलंय मन? खरं आहे. पण त्याला 'उदासीन' म्हणणाराही त्याच्या मनाबद्दलच बोलत असतो, फक्त पुरावा न देता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उदासीनता हे त्याचं तत्त्वज्ञानच असेल तर? तसं असतं तर ती सगळीकडे सारखी दिसली असती. गावाकडच्या माणसांविषयी बोलताना ती टिकत नाही. अजिंठ्यात बुद्धासमोर तर नाहीच. आणि ती लेणी पाहणारा हा माणूस दुःखाला सरावलेला वाटत नाही. एका ठिकाणी मात्र लाझारस तोकडा पडतो. पांडुरंगाच्या थट्टेला तो ताण हलका करण्याची युक्ती म्हणेल. पण ती थट्टा वाचताना आपण पोट धरून हसतो, आणि पांडुरंगाचा ताण हलका झाल्याचं कुठंच दिसत नाही.