बाबांना ऐकू न येणारे पक्षी

"हल्ली पक्षीच राहिले नाहीत रे," बाबा म्हणाले, तेव्हा आमच्या डोक्यावर चष्मेवाल्यांचा अख्खा थवा बडबडत होता.

कोथरूडमधली महापालिकेची एक साधी बाग. जॉगिंग ट्रॅक, गंजलेली घसरगुंडी, हास्यक्लबवाले काका-काकू आणि कोपऱ्यात एक जुनं उंबर. त्याखालच्या बाकावर आम्ही सकाळी सात ते साडेसात बसतो. मी वर बघितलं. डोळ्याभोवती पांढरी कडी असलेले ते बोटाएवढे हिरवट-पिवळे पक्षी फांदीफांदीवर उलटे लटकत होते. बाबा मात्र समोरच्या हिरवळीवरच्या साळुंक्यांकडे बघत होते. मी काही बोललो नाही. वाटलं, त्यांचं लक्ष नसेल.

मी काही मोठा पक्षीनिरीक्षक नाही. माझ्याकडे ना लांब लेन्सचा कॅमेरा, ना खाकी जॅकेट. वर्क फ्रॉम होमच्या काळात खिडकीबाहेर कढीपत्त्यावर एक शिंपी यायचा. एवढासा पक्षी आणि आवाज एवढा मोठा कसा, या कुतूहलापोटी मी कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप घेतलं. ते फोनच्या माइकवरून आवाज ऐकतं आणि कोणता पक्षी असावा ते सांगतं. कधी चुकतंही, पण सवय लागायला तेवढं पुरलं. ऑफिसच्या स्टँडअपमध्ये कॅमेरा बंद ठेवून मी दयाळ ऐकायला लागलो. यादी वाढत गेली: बुलबुल, कोतवाल, भारद्वाज, वेडा राघू, शिंजीर. शहरातल्या एवढ्याशा बागेत इतके असतात, हे मला सव्वीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

खरं तर सांगितलं होतं. बाबांनीच. ते सांगलीला शाळेत गणित-विज्ञान शिकवायचे. लहानपणी मला सायकलवर पुढे बसवून कृष्णेच्या घाटावर न्यायचे आणि खंड्या दाखवायचे. मी तेव्हा पाण्यात दगड मारण्यात गुंग असायचो. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे राहायला आले. आमच्यात बोलणं तसं कमीच. "चहा झाला का", "वीजबिल भरलंस का" एवढ्यावर दिवस जायचा. बागेत चला म्हटलं तर मात्र लगेच चप्पल घालायचे.

तर, 'पक्षी राहिले नाहीत' हे वाक्य पुन्हा पुन्हा यायला लागलं. एकदा मी ॲप चालू करून फोन त्यांच्या हातात दिला. स्क्रीनवर आवाजाचा आलेख सरकत असतो. जाड, खर्जातला आवाज खाली उमटतो, बारीक आणि टिपेचा वर. वरच्या भागात एकामागून एक रेघा उमटत होत्या. ॲप म्हणत होतं, चष्मेवाला, शिंजीर. बाबांनी फोन कानाला लावला, जणू आवाज त्यातून येणार होता.

"हे आत्ता ओरडतायत?"

"हो."

"इथे?"

मी वर बोट दाखवलं. ते बराच वेळ वर बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला.

त्या रात्री मी नको तो इंजिनिअरपणा केला. लॅपटॉपवर एक टोन जनरेटर लावला, हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि हळूहळू वारंवारता वाढवत नेली. पाच हजार हर्ट्झच्या आसपास बाबा म्हणाले, "बंद केलंस का?" चालूच होतं. काही क्षणांनी स्क्रीनकडे बघत ते स्वतःच म्हणाले, "वीस ते वीस हजार. आठवीला शिकवायचो मी. माणसाच्या कानाची मर्यादा. वयानुसार वरची बाजू आधी जाते, हेसुद्धा सांगायचो." एवढं बोलून हेडफोन उतरवला आणि झोपायला गेले. घरगुती हेडफोनवरची ही चाचणी म्हणजे काही तपासणी नव्हे, हे मलाही माहीत होतं.

डॉक्टरांकडे चला म्हटलं की एकच उत्तर: "तुझं बोलणं ऐकू येतंय ना मला?" येतं. कारण मी वर्षभर मोठ्याने बोलत होतो. ते मलाही तेव्हाच कळलं.

पण त्यांचं म्हणणं नुसतं कानांच्या खात्यावर टाकणंही बरोबर वाटत नाही. सांगलीच्या घरात भिंतीवरच्या फोटोंमागे चिमण्या घरटी करायच्या. आमच्या फ्लॅटच्या भिंतीवर टीव्ही आहे आणि त्यामागे जागा नाही. किती कानांमुळे आणि किती शहरामुळे, हे वेगळं काढता येत नाही. कोडमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलून बघता येते. इथे सगळंच एकदम बदललंय.

मार्चमध्ये एके सकाळी बाबा अचानक थांबले.

"कोण ठोकतंय रे?"

टुक, टुक, टुक. एकसारखं. मी हसलो. "तांबट आहे, बाबा."

"म्हणजे मघापासून येतोय तो? मला वाटलं कुठे बांधकाम चाललंय."

तांबटाचा आवाज खालच्या पट्टीतला. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा, म्हणून तर हे नाव. बाबांना एकदम कसब्यातली तांबट आळी आठवली. लहान असताना आजीबरोबर तिथून घंगाळ घेतलं होतं, ते एसटीच्या टपावर टाकून सांगलीला कसं नेलं, कंडक्टरने त्याचंही तिकीट कसं मागितलं, असं दहा मिनिटं बोलले. आई गेल्यापासून ते सलग इतकं बोललेले मला आठवत नाही.

मग आम्ही पक्षी शोधायला लागलो. हा चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. पानांत बसला की दिसत नाही. त्यात ओरडताना चोच बंद ठेवतो, मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी उंबरातून आल्यासारखा वाटतो, तर कधी पलीकडच्या पर्जन्यवृक्षातून. बाबा उंबराकडे बोट दाखवत होते, मी पर्जन्यवृक्षाकडे. दोघांनाही काही दिसत नव्हतं.

तपासणीची वेळ मी शनिवारची घेऊन ठेवली होती. ते सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते ओठांतल्या ओठांत मोजत होते.

"मिनिटाला एकशे दहा," ते म्हणाले. "थांब, पुन्हा मोजतो. तू शोध तोवर."