सिटीवेस्ट आणि अब्राहामचा तंबू



आयर्लंडच्या डब्लिन शहरातून सॅगर्टला जाणारी लुआस ट्राम पकडली की शेवटी सिटीवेस्ट लागतं. नवी घरं, कचेऱ्या आणि एक भलंमोठं हॉटेल. आम्हा नर्स लोकांना त्या हॉटेलाचंच कौतुक. २०२० साली कोरोना आला तेव्हा लागण झालेल्यांना तिथे वेगळं ठेवत. २०२१ मध्ये तिथेच लस टोचत होते. २०२२ पासून युक्रेनच्या लढाईतून पळून आलेल्यांना तिथे आसरा मिळाला. २०२५ साली सरकारने ते विकतच घेतलं.

आम्हाला अब्राहाम आबीनूचा तंबू आठवला. भर दुपारच्या उन्हात तीन अनोळखी माणसं दिसली, तर म्हातारा धावत सुटला! पाय धुवायला पाणी, ताज्या भाकरी, लोणी, दूध, कोवळं वासरू. कोण, कुठले, हे आधी विचारलं नाही. परमेश्वराने त्याला निवडलं ते याचसाठी, की त्याने मुलाबाळांना नीतीने आणि न्यायाने वागायला शिकवावं.

पण ऑक्टोबर २०२५ मध्ये याच हॉटेलाबाहेर दंगल झाली. एका लहान मुलीवर अत्याचार केल्याच्या आरोपावरून एका माणसाला अटक झाली होती. लोकांचा संताप आम्ही समजू शकतो. त्या लेकराला न्याय मिळायलाच हवा. पण जमावाने पोलिसांची गाडी जाळली, दगड मारले, आणि आत राहणारी बायकामुलं भेदरून गेली. त्यांचा काय दोष?

त्यानंतर तिसऱ्या शब्बाथाला सिनेगॉगमध्ये वायेरा परशा वाचला गेला. त्यात सोदोमची गोष्ट येते. देव त्या पापी शहराचा नाश करणार, तेव्हा अब्राहाम विचारतो, दुष्टांबरोबर नीतिमानांनाही मारणार का? पन्नास चांगले असले तर? पंचेचाळीस? चाळीस? असं करत करत तो दहावर येतो, आणि देव प्रत्येक वेळी ऐकून घेतो. देवाची आज्ञा पाळणारा हाच माणूस परक्यांसाठी देवापुढेही बोलला!

बालमित्रांनो, आपणही कोकणातून, मुंबईतून परक्या देशी आलेली माणसं. एकाने वाईट केलं म्हणून “ते सगळेच तसले” असं कोणी म्हणालं, तर अब्राहामसारखं विचारा, “आणि त्यात दहा चांगले असले तर?”