एका बैलाचा इसार दोघांकडून

एका बैलाचा इसार दोघांकडून घेणाऱ्याला आपल्या बाजारात पुन्हा कुणी दारात उभे करत नाही. विमानाच्या धंद्यात मात्र हे राजरोस चालते. माझ्यावर बेतले म्हणून सांगतो.

२०१८ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न दिल्लीला होते. मुहूर्त सकाळी दहा पंचवीसचा. नवरीला बोहल्यावर मामाने आणायचे, ही आपली रीत. कांद्याचे पैसे हातात होते, म्हणून जन्मात पहिल्यांदा पुण्याहून विमानाचे तिकीट काढले. आदल्या संध्याकाळी दोन तास आधी पोहोचलो, तर खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, विमान भरलं. उद्या सकाळच्या विमानानं पाठवतो."

"अगं, पण माझं तिकीट पक्कं आहे की!"

"तिकिटं जास्त गेलीत, काका."

जेवण दिले, रात्रीला खोली दिली. मी मुकाट्याने मान हलवली. दिल्लीच्या मांडवात शिरलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नवरीला शेजारच्या गृहस्थांनी आणले होते. बहीण काही बोलली नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

बऱ्याच वर्षांनी वकिली शिकणाऱ्या पुतण्याने विचारले, "काका, भरपाई मागितली का?" मला ठाऊकच नव्हते! मग त्याने सारे उलगडून सांगितले. काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत. रिकामी जागा म्हणजे न खपलेली भाजी, म्हणून कंपन्या चार तिकिटे जादा विकतात. सगळेच आले की कुणीतरी मागे राहतो.

अमेरिकेत २८ एप्रिल १९७२ रोजी ग्राहकांसाठी झगडणारे वकील राल्फ नाडर यांना अलेघेनी कंपनीने असेच मागे ठेवले. त्यांची सभा चुकली. देऊ केलेली भरपाई नाकारून ते कोर्टात गेले. जादा विक्री लपवल्याबद्दल कंपनीवर दावा चालू शकतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ठरवले. १९७८ मध्ये नियम आला, की आधी आपखुशीने थांबणारे शोधा.

आपल्याकडेही विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसाच नियम आहे. पक्के तिकीट घेऊन वेळेत आलेल्याला जागा नाकारली, तर जबाबदारी कंपनीची. एजंटाची नाही, आपलीही नाही. तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतले दिले, तर एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, जास्तीत जास्त २०,००० रुपये. दुसरे विमान नकोच असेल, तर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर तीच चौपट भरपाई, मर्यादा तीच. कंपनीने दाद दिली नाही तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. माझी मुदत टळून गेली होती.

पैशाचे दुःख नाही. त्या विमानात कुणी नुसता फिरायला निघालेलाही असेल. "एका मामाला भाचीच्या लग्नाला पोहोचायचंय, कुणी थांबेल का?" एवढे विचारले असते, तर कुणीतरी उठला असता. त्यांनी विचारले नाही, आणि विचारा म्हणून मीही सांगितले नाही.

हल्ली आपली पोरेबाळे, म्हातारी माणसे विमानाने जातात. त्यांना एवढे सांगून ठेवा: खिडकीवर मान हलवू नका. आधी विचारा, आणि काय ते लेखी घ्या.